गॅमा किरण स्फोटाची दिशा उपग्रहाला कशी कळते?

प्रश्न (पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी, सोलापूर)

गॅमा किरण वातावरणातच शोषले जातात, त्यामुळे सोलापूरचे आकाश कितीही निरभ्र असले तरी गॅमा किरण स्फोट, म्हणजे दूरच्या अवकाशातून अचानक येणारे या किरणांचे झोत, जमिनीवरून थेट टिपता येत नाहीत, एवढे समजले. परंतु हे किरण साध्या भिंगाने वा आरशाने एकवटता येत नसतील, तर काही सेकंदांत विझणाऱ्या स्फोटाची दिशा उपग्रह कशी ठरवतो? आणि तो खरा स्फोटच आहे, हे कशावरून?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, सोलापूर)

आपण नेमक्या अडचणीवर बोट ठेवले आहे. २००८ साली सोडलेल्या फर्मी उपग्रहावर सोडियम आयोडाइडचे १२ शोधक वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवले आहेत. किरण स्फटिकात शिरला की क्षीण चमक उमटते आणि तिची नोंद होते. स्फोटाकडे तोंड असलेल्या शोधकात नोंदी अधिक, तर कललेल्या शोधकात कमी होतात. या प्रमाणावरून दिशा काढतात, मात्र त्यात काही अंशांची चूक राहते. किमान दोन शोधकांतील नोंदी एकाच वेळी पार्श्वभूमीपेक्षा (एरवी सतत होणाऱ्या नोंदींपेक्षा) ठळकपणे वाढल्या, तरच यंत्रणा इशारा देते. मग ती वाढ सौरज्वालेची किंवा भारित कणांची नाही ना, हे तपासावे लागतेच.

उत्तर (खगोलमंडळाचा सदस्य)

काही अंशांची चूक दुर्बिणींसाठी फार मोठी आहे. म्हणून २००४ च्या स्विफ्ट उपग्रहावर शोधकांच्या वर शिशाच्या तुकड्यांची, मुद्दाम अनियमित रचनेची जाळी बसवली आहे. खिडकीच्या गजांची सावली उन्हाच्या दिशेप्रमाणे जमिनीवर सरकते, तशीच या जाळीची छाया शोधकांवर सरकते, आणि तिच्यावरून स्थान काही कलामिनिटांपर्यंत (कलामिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) निश्चित होते. त्यानंतर उपग्रह स्वतःच वळून क्ष-किरण दुर्बीण तिकडे रोखतो. स्फोटाची मागे उरणारी आभा झपाट्याने मंदावते, त्यामुळे ही तत्परता मला सर्वांत मोलाची वाटते.

विद्यार्थिनी

स्फोट पृथ्वीच्या आड झाला तर?

प्राध्यापक

तर तो त्या उपग्रहाला दिसत नाही. खालच्या कक्षेतून सुमारे एक तृतीयांश आकाश पृथ्वीनेच झाकलेले असते. म्हणून अनेक उपग्रहांच्या नोंदी जोडून पाहतात. दूरदूरच्या उपग्रहांवर किरण पोहोचण्याच्या वेळांतील फरकावरूनही दिशा मिळते. अणुचाचण्यांवर पाळत ठेवणाऱ्या वेला उपग्रहांनी १९६७ मध्ये पहिला स्फोट टिपला होता. हे स्फोट पृथ्वीवरचे किंवा सूर्याचे नाहीत, हे त्या उपग्रहांच्या नोंदींतील अशाच वेळफरकांवरून ठरले आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१५ पासूनच्या आपल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरील कॅडमियम-झिंक-टेल्युराइड शोधकानेही शेकडो स्फोट नोंदवले आहेत. सुमारे १०० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट (किरणांच्या ऊर्जेचे एकक) ऊर्जेच्या वर त्याच्या भिंती किरणांना जवळजवळ पारदर्शक होतात, त्यामुळे बाजूने आलेला स्फोटही तो टिपतो. त्याचे काम पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेत पाहिले जाते. तेथील स्फोटांच्या नोंदी आपण अवश्य अभ्यासाव्यात.