आकाशदर्शनाला लोक एकदा येतात, परत येत नाहीत. मदत हवी आहे

तिकांडे | २३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ७:४०

काल रात्रीचा कार्यक्रम पुन्हा फसला. चौघे आले, त्यातले तिघे आम्हीच. ग्रुपवर २१२ जण आहेत, २८ जणांनी अंगठा दाखवून 'येतो' म्हटलं होतं. आकाश इतकं स्वच्छ होतं की देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी) नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. पण दाखवायची कुणाला?

सगळं करून झालंय. पोस्टर लावली, शाळांत व्याख्यानं दिली, ग्रुपवर रोज एक माहितीचा मेसेज टाकतो. गेल्या वर्षी ऑक्टोबरात त्सुचिनशान-अ‍ॅटलस धूमकेतू आला तेव्हा शंभरावर माणसं आली होती. त्यातलं आज एकही तोंड दिसत नाही. नवे लोक आणायचे कसे, आणि आले तर टिकवायचे कसे? १३ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव आहे, त्याआधी काहीतरी करायचंय. 'चिकाटी ठेवा' एवढंच सांगू नका, सहा वर्षं तेच करतोय.

दख्खनी_माळरान | २३ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

गाव कुठलं? जागा गावापासून किती लांब? किती वाजता सुरू, किती वाजता संपतं? फी आहे का? यातलं काहीच लिहिलेलं नाही तुम्ही.

काचवाला | २३ नोव्हेंबर, सकाळी ८:३२

दुर्बीण किती इंची आहे, म्हणजे आरसा केवढा? सगळं त्यावर आहे. आमच्याकडे ६ इंची होती तेव्हा कुत्रं फिरकत नव्हतं. १२ इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवर फिरणारी आरशाची दुर्बीण) घेतली आणि रांग लागली. वर्गणी काढा, मोठा आरसा घ्या, बाकी आपोआप होतं.

तिकांडे | २३ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

बार्शी. जागा येडशीच्या रस्त्याला १८ किलोमीटरवर, मित्राचं शेत. अमावस्येजवळचा शनिवार, रात्री ९ ते पहाटे १-२. फी नाही. दुर्बीण ८ इंची डॉब्सोनियन आहे, चांगली आहे, प्रश्न तिचा नाही.

निवृत्त_मास्तर | २३ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

तिकांडे हे नाव वाचून बरं वाटलं. आमची आजी मृगाच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांना तिकांडंच म्हणायची. सप्तर्षी म्हणजे म्हातारीची बाज. चार तारे बाजेचे पाय आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे ती बाज पळवायला आलेले चोर. हल्लीच्या मुलांना 'ओरायन' माहीत असतो, तिकांडं नसतं. यावर वेगळा धागा काढायला हवा.

शर्मिष्ठा_क | २३ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

२१२ मध्ये बायका किती आहेत? शेतावर स्वच्छतागृह आहे का? रात्री दीडला १८ किलोमीटर परत यायला गाडी कोणाची? आमच्या गटात कॉलेजच्या मुली एकदा यायच्या आणि मग येणं बंद करायच्या. दोन वर्षं आम्ही 'मुलींना आवड नसते' असं म्हणत बसलो होतो. मग त्यांना सरळ विचारलं तेव्हा कळलं, रात्री परत सोडायला कोण येणार यावरून दर वेळी घरी वाद व्हायचा.

काचवाला | २३ नोव्हेंबर, सकाळी १०:५५

हे सगळे दुय्यम मुद्दे. बघण्यासारखं असेल तर माणूस कुठूनही येतो.

अर्धचंद्र | २३ नोव्हेंबर, सकाळी ११:१०

काचवाला, नाही पटत. दीर्घिका १२ इंचीतूनही करड्या धुक्याचा ठिपकाच दिसते. माणूस डोक्यात फोटोतले रंग घेऊन आलेला असतो. त्यात यंदा शनी. या वर्षी २३ मार्चला पृथ्वी त्याच्या कड्यांच्या प्रतलातून गेली, आणि आत्ता नोव्हेंबरअखेर कडी पुन्हा जवळपास आडवी आहेत. दुर्बिणीतून नुसती एक रेघ. २००९ नंतर हे आत्ताच घडतंय. जाणकाराला पर्वणी, पण ज्याला 'शनीची कडी बघायला या' म्हणून बोलावलं त्याची फसवणूक. तिकांडे, तुमच्या पोस्टरवर काय लिहिलं होतं?

तिकांडे | २३ नोव्हेंबर, सकाळी ११:४८

'शनीची कडी व देवयानी दीर्घिका पाहण्याची सुवर्णसंधी.' ऑक्टोबरात तेच लिहिलं होतं. तेव्हा १९ जण आले होते. एका मुलाने विचारलं होतं, कडी कुठंय? मी त्याला समजावलं होतं.

स्वच्छतागृह नाही. बायका बहुतेक ४०-४५ असाव्यात, मोजल्या नाहीत.

गोदाकाठ | २३ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

शनीचा विषय निघालाच आहे तर, कुंभ राशीवाल्यांची साडेसाती कधी संपते हे कोणी नीट सांगेल का? दोन ठिकाणी वेगवेगळं वाचलं.

अर्धचंद्र | २३ नोव्हेंबर, दुपारी १२:४१

इथे नको. इथे शनी हा ग्रह आहे, दुर्बिणीतून दिसणारा.

गोदाकाठ | २३ नोव्हेंबर, दुपारी १२:५८

विचारलं तर एवढं तोडून बोलायचं कारण काय? माझ्यासारखी माणसं याच प्रश्नापासून आकाशाकडे बघायला लागतात. तुमच्याकडे लोक का टिकत नाहीत, ते बघा.

दख्खनी_माळरान | २३ नोव्हेंबर, दुपारी १:२०

गोदाकाठ यांचं उत्तर माझ्याकडे नाही, पण त्यांची तक्रार बरोबर आहे. आमच्या गटातही असा प्रश्न विचारणाऱ्या एका काकांना सगळ्यांसमोर गप्प केलं गेलं. ते पुन्हा आले नाहीत. त्यांच्याबरोबर येणारी दोन नातवंडंही आली नाहीत.

तिकांडे, जून ते सप्टेंबर काय करता?

तिकांडे | २३ नोव्हेंबर, दुपारी १:३५

काय करणार? आभाळच नसतं. जूनमध्ये बंद, ऑक्टोबरात सुरू.

दख्खनी_माळरान | २३ नोव्हेंबर, दुपारी २:१०

तिथेच माणूस सुटतो. चार महिने कोणी कोणाला भेटत नाही, मग दिवाळीत अचानक 'या' म्हणायचं. आम्ही पावसाळ्यात महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी घरी जमतो. कामं असतातच. दमटपणामुळे नेत्रिकांना (दुर्बिणीला डोळा लावतो त्या भिंगांना) बुरशी लागते, ती तपासायची, सिलिका जेलच्या पुड्या बदलायच्या. मुलांकडून पुठ्ठ्याचं तारांगण करून घ्यायचं, पुढच्या हंगामाचं वेळापत्रक बनवायचं. चहा-पोहे. त्या आठ-दहा जणांवर पुढचं वर्ष निघतं.

आणि मे सोडू नका. शून्य सावली दिवस, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते तो, बार्शीला १२-१३ मेच्या आसपास येतो. भर दुपारी, शाळेच्या मैदानात, एक सरळ नळी उभी करायची. दुर्बीण नको, रात्र नको, गाडी नको. जुलैअखेर सूर्य परत डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग असतात.

काचवाला | २३ नोव्हेंबर, दुपारी २:४४

पोहे खाऊन खगोलशास्त्र होत नाही. वर्षाला ५०० रुपये फी लावा. पैसे दिलेला माणूस येतो, फुकटातला येत नाही. २१२ चे ४० होतील, पण ते खरे असतील.

शर्मिष्ठा_क | २३ नोव्हेंबर, दुपारी ३:०५

फी घेतल्यावर माणूस गिऱ्हाईक होतो. ढग आले की परतावा मागतो. आमच्याकडे झालंय. फीपेक्षा काम द्या. ज्याच्या हातात टॉर्चचा लाल कागद, चटया किंवा वही आहे तो पुढच्या वेळी येतो, कारण त्याच्यावाचून अडतं.

काचवाला | २३ नोव्हेंबर, दुपारी ३:१७

आमच्याकडे फीनेच चाललंय, अकरा वर्षं.

पिंपळपान | २३ नोव्हेंबर, दुपारी ४:००

मुलगा सातवीत आहे, त्याला वाढदिवसाला दुर्बीण द्यायची आहे. कोणती घेऊ?

अर्धचंद्र | २३ नोव्हेंबर, दुपारी ४:०९

आधी १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) घ्या. गुरूचे चार चंद्र दिसतात (हात टेकवून धरली तर), कृत्तिका तर अप्रतिम. खोक्यावर '५०० पट मोठे' असं छापलेली खेळण्यातली दुर्बीण घेऊ नका.

निवृत्त_मास्तर | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

मघाशी विषय भरकटवला, आता मुद्द्याचं लिहितो. नारळीकर सर मे महिन्यात गेले. सही मागायला आलेल्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही येईल. आणि उत्तर येई. तिकांडे, तुम्ही ग्रुपवर रोज माहिती टाकता. त्या २१२ पैकी कोणी प्रश्न विचारलाय का? विचारला असेल तर त्याला नाव घेऊन उत्तर मिळालं का?

तिकांडे | २३ नोव्हेंबर, रात्री ८:५०

ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतात. 'शुभ सकाळ' आणि राजकारण थांबवायला मार्चमध्ये तसं केलं.

मला वाटतं आपण मूळ प्रश्नापासून लांब जातोय. नवीन लोक कसे आणायचे?

अर्धचंद्र | २३ नोव्हेंबर, रात्री ९:१५

नवीन लोक आले होते की! धूमकेतूला शंभर, ऑक्टोबरात १९. तुम्हाला नवीन लोक नकोत, गेलेले हवेत. त्या १९ पैकी किती जणांना नंतर फोन केलात?

तिकांडे | २३ नोव्हेंबर, रात्री ९:२२

एकालाही नाही.

तिकांडे | २६ नोव्हेंबर, रात्री १०:४०

तीन दिवसांत १४ जणांना फोन केले. ११ जण बोलले. जसं सांगितलं तसं लिहितोय.

चार जणांचं एकच, परत यायला फार उशीर होतो. दुसऱ्या दिवशी रविवार असला तरी घरी सकाळची कामं असतात. एका ताईंनी स्वच्छतागृहाचं सांगितलं, आणि 'तुम्ही विचारलंत म्हणून सांगते' असंही म्हणाल्या. तीन जणांना रांगेचा कंटाळा आला होता. पंचवीस मिनिटं उभं राहायचं, दहा सेकंद बघायचं, मागून कोणीतरी 'दिसलं का, दिसलं का' म्हणणार. एका पॉलिटेक्निकच्या मुलाचं उत्तर मला फार लागलं. म्हणाला, सर, तुम्ही तिघं एकमेकांशीच बोलत होता, एम ३१, एम ३३ (दीर्घिकांचे क्रमांक), मला वाटलं मी चुकून कोणाच्या तरी मीटिंगला आलोय. दोघांना खरंच आवड नाही, तसं त्यांनी नीट सांगितलं.

मला वाटत होतं लोक आळशी आहेत. अमावस्या, १८ किलोमीटर, पहाटे दोन, हे सगळं आम्हा तिघांच्या सोयीचं होतं, हे आत्ता दिसतंय.

ग्रुप सगळ्यांसाठी उघडला आहे. २९ तारखेला शनिवारी संध्याकाळी ६:३० ते ८:३०, गावातच, एका शाळेच्या गच्चीवर. चंद्र अर्ध्याहून थोडा मोठा असेल. दुसरं काय करू?

अर्धचंद्र | २६ नोव्हेंबर, रात्री ११:०२

वेळ अगदी योग्य. प्रकाश-अंधाराच्या सीमेवरची विवरं तेव्हा सावल्यांमुळे खोल दिसतात. चंद्राला रस्त्यावरचे दिवेही आड येत नाहीत. शनी त्याच्या जवळच असेल. तो दाखवा, पण आधीच सांगा की यंदा कडी रेघेसारखी आहेत, हळूहळू पुन्हा उघडतील. दर वर्षी येऊन वहीत त्याचं चित्र काढा म्हणावं. परत यायला यापेक्षा चांगलं कारण मला सुचत नाही.

शर्मिष्ठा_क | २७ नोव्हेंबर, सकाळी ७:२५

एक दुर्बीण असेल तर रांगेत उभ्या माणसांसाठी दुसरं काही ठेवा. आम्ही विचारतो, कृत्तिकेत किती तारे दिसतात? कोणी सहा म्हणतं, कोणी सात, एखादं पोर नऊ. भांडणं लागतात आणि वेळ जातो. तुमच्याकडे चंद्राच्या उजेडात कमी दिसतील, पण तीच मोजणी अमावस्येला परत करायला सांगा. आणि तुम्ही तिघं एकत्र उभे राहू नका. एक जण दाराशी, नावं विचारायला.

दख्खनी_माळरान | २७ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

१३ डिसेंबर शनिवारच आहे. उल्कांना दुर्बीण लागतच नाही, म्हणजे रांग नाही. नऊ-साडेनऊला मिथुन पूर्वेला वर आलेली असते, चंद्र मध्यरात्रीनंतर बराच उशिरा उगवतो. शेतावर जा, पण साडेबाराला एक गाडी परत निघेल हे आधी जाहीर करा. चौघांचा एक गट, प्रत्येकाला एक दिशा, एक जण वही घेऊन. दर अर्ध्या तासाला आकडा लिहायचा. आंतरराष्ट्रीय उल्का संघटना हौशी निरीक्षकांच्या नोंदी घेते. आपलं नाव त्या नोंदीत गेलं की माणूस पुढच्या ऑगस्टमध्ये ययातीच्या उल्कांची वाट बघतो, पाऊस असला तरी.

काचवाला | २७ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

चंद्राला १२ इंची जास्त प्रखर होते, ८ इंचीच बरी. एवढं मान्य करतो.

तिकांडे | ३० नोव्हेंबर, सकाळी ८:०५

काल ३१ जण आले. आधी येऊन नंतर यायचे बंद झालेल्यांपैकी पाच होते, पॉलिटेक्निकचा मुलगा त्यात होता. त्याला दाराशी नावं लिहायला बसवलं, शेवटी त्यानेच दुर्बीण फिरवून चार जणांना शनी दाखवला. मिथुनच्या रात्रीसाठी १७ नावं आली आहेत. जवळच्या वस्तीवरच्या एका घरी स्वच्छतागृह वापरायला हो म्हणालेत. गाडीचं अजून जमलेलं नाही. सोलापूर-धाराशिव भागात कोणाकडे रात्री साडेबाराला १२ सीटर मिळण्यासारखी असेल तर कळवा.

ओवी_बार्शी | ३० नोव्हेंबर, सकाळी १०:५०

मी भगवंत मंदिराजवळ राहते, काल आले होते, निळी ओढणी. गाडीचं माझ्या मामांना विचारते, त्यांची १२ सीटर आहे. १३ तारखेला आईला बरोबर आणलं तर चालेल का? तिला थंडीत जमिनीवर झोपता येत नाही, खुर्ची आणली तर एखाद्या गटात बसवाल का?