नववीच्या मुलांची बर्लिन एक्सचेंज ट्रिप: शिक्षण की पैसेवाल्यांची हौस?

कोथरूडची आई: परवा इथे एकांनी लिहिलं की एक्सचेंजच्या नावाखाली नववीच्या पोरांना बर्लिनला नेणं म्हणजे बापाच्या पैशावर सहल, वेगवेगळे लोक बघायचेत तर भेंडीबाजार ते माटुंगा फिरवा. वाचून डोकंच फिरलं. माझी लेक मे महिन्यात जाऊन आली, हॉटेलात नाही तर बर्लिनच्या नॉयकोल्न भागात तिच्या एक्सचेंज पार्टनरच्या घरी राहिली, ती मुलगी आधी आमच्याकडे राहून गेलेली. तिचे आजोबा तुर्कस्तानातून कारखान्यात कामाला आलेले. १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, पूर्वेकडून पश्चिम बर्लिनला रोज कामाला येणारी माणसं एका रात्रीत बंद झाली आणि त्याच वर्षी पश्चिम जर्मनीचा तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार झाला, हे पुस्तकात फार तर एक ओळ असतं. इथे आजोबा समोर बसून सांगत होते की चार पैसे जमवून परत जायचं होतं, पण पोरं शाळेत गेली आणि राहिलो ते राहिलोच. शुक्रवारी त्यांच्याबरोबर मायबाखउफरच्या बाजारात गेली, तर आजोबा भाजीवाल्याशी तुर्कीत घासाघीस करतायत आणि नात मध्येच जर्मनमध्ये त्यांना दटावतेय. आणि शेजारच्या दारासमोर फूटपाथमध्ये बसवलेली पितळी पाटी, तळहाताएवढी, ‘इथे राहत होती’ अशी सुरुवात, मग नाव, जन्मसाल आणि शेवटी आउशवित्झ, नाझींची मृत्युछावणी. रोज शाळेला जाताना ती पाटी वाटेत. भेंडीबाजार जरूर दाखवा हो, पण दोन तास चक्कर मारून कुणाच्या घरातलं काय कळतं?

गिरगावकर: ते मीच लिहिलं होतं. तुमच्या लेकीला मिळालं ते चांगलंच, पण सव्वादोन लाख भरले तेव्हा ना? माझ्या मुलीच्या वर्गातली अर्ध्याहून जास्त मुलं गेलीच नाहीत. महिनाभर वर्गात तोच विषय, डबा खाताना गेलेले एकीकडे आणि राहिलेले एकीकडे.

सांगलीचा शास्त्री: मूळ दुखणं वेगळंच आहे. आठवीला जर्मन घेतातच कशाला? मार्कांसाठी आणि या ट्रिपसाठी. आमच्याकडे संस्कृतचे वर्ग ओस पडलेत.

जर्मनवाल्या बाई: मार्कांचं तुम्ही बोलू नका. शंभरपैकी शंभर पडतात म्हणून संस्कृत घेतलेली पोरं आमच्याच घरात आहेत, दहावीनंतर एक सुभाषित आठवत नाही. २०१४ ला केंद्रीय विद्यालयांत वर्षाच्या मध्येच जर्मन काढून संस्कृत बसवलं, माझा भाचा सातवीत होता, दोन्ही भाषांचा कायमचा कंटाळा करून बसला. आणि बर्लिनच्या युनिव्हर्सिटीत फ्रान्ट्स बॉप हा जर्मन भाषाशास्त्रज्ञ १८२१ पासून संस्कृत शिकवत होता, पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली तेच साल.

सांगलीचा शास्त्री: बॉप आम्हाला शिकवू नका, तो आमच्या अभ्यासातलाच आहे. पण तो ग्रंथांसाठी शिकला, सहलीसाठी नव्हे. २०१४ ला मध्येच बदललं ते चुकलं, एवढं देतो तुम्हाला. त्यापुढे एक अक्षर नाही.

नागपूरकर: अहो धागा बर्लिनचा आहे, हे भांडण दुसरीकडे न्या ना!

कोथरूडची आई: गिरगावकर, पैशाचं मान्य. पण राहणं-जेवण यजमानांकडेच असतं, मोठा खर्च तिकीट, व्हिसा, विमा. शाळेनं वर्षभर आधी निधी उभा केला तर आणखी मुलं जातील. म्हणून ट्रिपच बंद करा?

गिरगावकर: पैसे मी कर्ज काढून भरले असते. फॉर्मवरच अट होती, पाहुण्या मुलीला स्वतंत्र खोली हवी. आम्ही चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत चौघं. मुलीनं फॉर्म वाचला, घडी घालून दप्तरात ठेवला, मला दाखवलाच नाही. पालकसभेत कळलं. म्हणजे तुमच्या जर्मन पोरांना मुंबईतली फक्त थ्री बीएचके घरं दिसणार. त्या तुर्की आजोबांकडे तरी होती का स्वतंत्र खोली?

कोथरूडची आई: नव्हती. दोघी एकाच खोलीत, लेक खाली गादी टाकून झोपायची. आमच्याही फॉर्मवर ही अट आहे, तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही कारण आमच्याकडे खोली होती. पुढच्या पालकसभेत ती काढायला लावते, तुम्ही तुमच्याकडे लावा. ट्रिप बंद करायला मात्र माझा विरोधच राहील.