स्कारबरो ते व्हिटबी जुन्या रेल्वेमार्गावरून पायी जाण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या किनाऱ्यालगतचा, १८८५ मध्ये सुरू होऊन १९६५ मध्ये बंद झालेला स्कारबरो–व्हिटबी रेल्वेमार्ग आता ‘सिंडर ट्रॅक’ या नावाने चालणाऱ्यांसाठी खुला आहे. रुळांखाली खडीऐवजी जळक्या कोळशाचे खडे पसरलेले असत, त्यावरून हे नाव पडले. सुमारे ३५ किलोमीटरची ही वाट वडिलांसोबत दोन दिवसांत चालण्याची माझी फार इच्छा आहे.

वडिलांचा उजवा गुडघा चढापेक्षा उतारावर अधिक दुखतो, म्हणून दिशेचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रॉबिन हूड्स बे ते रेव्हनस्कार या टप्प्यात सुमारे ३९ फुटांना एक फूट असा चढ आहे. वाफेच्या इंजिनांनाही तो जड जाई. त्यामुळे व्हिटबीहून निघून हा टप्पा चढत जाणे योग्य ठरेल का? पावसानंतर वाट कितपत चिखलाची होते आणि काठी पुरेशी ठरते का, हेही कळवावे. एस्क नदीवरचा तेरा कमानींचा विटांचा पूल वडिलांना सावकाश पाहायचा आहे. तेथे थांबून बसण्याजोगी जागा आहे का? प्रत्यक्ष चालून आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.