मदत हवी आहे: नसलेल्या पायाचं दुखणं आणि आरशाची थेरपी

दादाचा उजवा पाय अपघातात गुडघ्याखालून काढावा लागला, जखम भरली पण जो पाय नाहीच तो दुखतोय. रात्री झोपेतून उठतो आणि सपाट चादरीवर हात फिरवत म्हणतो, अंगठा मुडपलाय गं, सरळ कर. बघवत नाही.

डॉक्टर याला फँटम लिंब पेन म्हणतात, गोळ्यांनी गुंगी येते पण कळ जात नाही. मी मिरर थेरपीबद्दल वाचलं, म्हणजे दोन पायांमध्ये आरसा उभा धरायचा, चांगला पाय हलवायचा आणि आरशात बघायचं की मेंदूला दुसराही हलतोय असं वाटतं. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात हे आधी हातांसाठी केलं, मग २००७ मध्ये पाय गमावलेल्यांवर छोटी ट्रायल झाली, रोज १५ मिनिटं, ४ आठवडे, आरसावाल्या गटात सगळ्यांचं दुखणं कमी झालं. पण त्या गटात फक्त ६ जण होते, म्हणून मन धजत नाही.

कोणी घरी केलंय का? सुरुवातीला दुखणं वाढतं का? आणि अशा ट्रायलमध्ये नाव घालताना चालू गोळ्या बंद करायला लावतात का, कृपया अनुभव सांगा.