जुन्या जिप्सीचा चौथा प्लग निघत नाहीये, मदत हवी आहे

गाडी 2004 ची पेट्रोल जिप्सी, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटर नाही, फ्युएल इंजेक्शनवाली). स्पार्क प्लग घरीच बदलायला घेतले. तीन व्यवस्थित निघाले. मागचा चौथा मात्र अर्धा आटा फिरला आणि अडकला. जोर लावला की कर्रकर्र आवाज येतो, म्हणून तिथेच थांबलो.

इंजिन पूर्ण गार होतं. 16 चा प्लग सॉकेट, रॅचेट आणि लांब एक्स्टेन्शन वापरतोय. पाना घसरत नाही. खोबणीतली धूळ आधी सायकलच्या पंपाने उडवली (सोसायटीच्या पार्किंगमध्ये कॉम्प्रेसर कुठून आणणार!). गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवला. थोडं घट्ट, थोडं सैल असं करून पाहिलं, तरी अर्ध्या आट्याच्या पुढे जात नाही. आधीचे प्लग कधी बसवले होते, ठाऊक नाही. गाडी सेकंडहँड घेतली आहे. निघालेल्या तिन्हींचे आटे कोरडे, पण ठीक दिसले.

इंजिनाचं हेड (प्लग ज्यात बसतात तो वरचा भाग) ॲल्युमिनियमचं आहे, त्यामुळे आटे सोलवटण्याचीच खरी भीती. एकजण म्हणतो, प्लग परत आवळून इंजिन कोमट कर आणि मग खोल. दुसरा म्हणतो, गरम हेडला हातही लावू नकोस. दोघेही तितक्याच ठामपणे सांगतात, हे पुण्यात वेगळं सांगायला नको.

ज्यांनी स्वतः असा प्लग काढलाय त्यांनी सांगा: कोमट करून काढू की गारच? आणि आटे गेलेच, तर हेड न उतरवता हेलिकॉइल (खराब आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी, जिचे नवे आटे होतात) बसवून देणारं कुणी सिंहगड रोड किंवा नाना पेठेच्या बाजूला आहे का?