सीआरपी कमी आला म्हणजे सीओपीडीचा अटॅक हलका, हे कुणी ठरवलं?

उंबरठा: 'सीओपीडीने (फुप्फुसांच्या जुनाट आजाराने) उचल खाल्ली की आधी सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) करा, आकडा कमी आला तर काळजी सोडा.' कालचा हा सल्ला वाचून मला झोप लागली नाही. माझ्या वडिलांचा सीआरपी ८ होता. धाप मात्र इतकी की एक वाक्य बोलायला तीनदा थांबायचे. रिपोर्ट बघून आम्ही निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून ते गुंगीत गेले, बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र) लावावं लागलं. सीआरपी बनतो यकृतात. फुप्फुसात हवा किती कोंडली आहे, हे तो आकडा सांगत नाही. श्वास मोजा, ऑक्सिजन बघा, माणूस नीट बोलतोय का बघा.

वाटसरू: सल्ला माझा होता. 'काळजी सोडा' लिहायला नको होतं, एवढं मान्य. पण सीआरपी करायचा तो अँटिबायोटिक द्यायचं की नाही हे ठरवायला. २०१९ चा पेस अभ्यास बघा. इंग्लंड-वेल्समधले ६५३ पेशंट, बोटातून रक्त घेऊन तिथेच तपासणी. २० च्या खाली असेल तर सहसा अँटिबायोटिक नको, ४० च्या वर बहुधा उपयोग होतो, मधल्यांत कफ पिवळा-हिरवा झालाय का ते बघायचं. अँटिबायोटिक घेणारे ७७ टक्क्यांवरून ५७ वर आले आणि तब्येती बिघडल्या नाहीत. माझ्या आईला दर अटॅकला डोळे मिटून कोर्स दिला जायचा. शेवटी जुलाबांनीच अंथरूण धरलं तिनं.

उंबरठा: ते फॅमिली डॉक्टरकडे आलेले पेशंट होते. आयसीयूत हेच करायला गेलात तर काय होतं? फ्रान्समध्ये प्रोकॅल्सिटोनिन या इन्फेक्शनसाठीच्या दुसऱ्या रक्ततपासणीवर तसा अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला. ज्यांना आधी अँटिबायोटिक चालू नव्हतं, त्यांच्यात आकड्यावर विसंबलेल्या गटातले ३१ टक्के तीन महिन्यांत गेले. नेहमीच्या पद्धतीत १२ टक्के.

पायरी_पायरी: दोघंही अँटिबायोटिकवरच अडलात. स्टेरॉइडचं कोण बोलणार? प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असताना माझ्या पांढऱ्या पेशी १७,००० आल्या. लगेच 'इन्फेक्शन वाढलं' म्हणून आणखी एक अँटिबायोटिक! स्टेरॉइडने न्यूट्रोफिल वाढतात आणि इओसिनोफिल खाली जातात (दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार), हे रिपोर्ट वाचणाऱ्याला ठाऊक नको? इओसिनोफिल बघायचे तर पहिल्या गोळीच्या आधी रक्त घ्या. २ टक्क्यांच्या खाली असले तर स्टेरॉइडचा फायदा फारसा दिसत नाही.

वाटसरू: धागा भलतीकडे चाललाय.

पायरी_पायरी: भलतीकडे? या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी माझा मणका दबलाय, साखर वाढलीय. २०१३ साली रिड्यूस अभ्यासात ४० मिलिग्रॅमचा पाच दिवसांचा कोर्स चौदा दिवसांइतकाच पुरला. तरी मला दरवेळी दोन-दोन आठवडे गोळ्या. तुमच्या आईचे जुलाब विषयातले आणि माझा मणका विषयाबाहेरचा का?

रात्रपाळी: मी वॉर्डात काम करते. हे वाचून कुणी गोळ्या मनानेच बंद करू नका. महिनोन्महिने स्टेरॉइड घेणाऱ्याने अचानक थांबवलं तर जिवावर बेततं. पाच दिवसांचा हिशेब अटॅकपुरता आहे.

पायरी_पायरी: मी 'बंद करा' कुठे म्हटलं? पण ताई, तुमचा इशारा हवाच होता.

उंबरठा: पायरी, तुमचं म्हणणं मला पटतंय. वडिलांचं रक्त कधी काढलं, गोळीच्या आधी की नंतर, हे आम्हीही कधी विचारलं नाही. आणि वाटसरू, पेस अभ्यास खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याला धाप लागलीय त्याला आकडा दाखवून घरी बसवू नका.

वाटसरू: बसवणार नाही. मूळ पोस्टमधलं ते वाक्य काढलं. धाप वाढली, ओठ निळे पडले किंवा माणूस गुंगला, तर रिपोर्टची वाट न बघता दवाखाना, हे वरच लिहिलंय. पण आईचा सीआरपी २० च्या आत आणि कफ पांढरा असेल, तर कोर्स नक्की कशासाठी, हे मी डॉक्टरांना दरवेळी विचारणारच.