बबल चार्टवर बंदी घाला म्हणे!

गिरगावकर: काल एकाने लिहिलं, "बबल चार्ट म्हणजे फुगे फुगवून साहेबाला गंडवणं. बार चार्ट पुरे." डोकंच फिरलं. स्वीडनचे डॉक्टर आणि आकडेतज्ज्ञ हान्स रोसलिंग यांचं २००६चं टेड भाषण बघा. एका अक्षावर बाईमागे मुलं, दुसऱ्यावर आयुर्मान, बबलचा आकार लोकसंख्येचा, रंग प्रदेशाचा, आणि वर्षं सरकतात तसे देश हलतात. पाच गोष्टी एका चित्रात! बार चार्टमध्ये करून दाखवाच.

एक्सेलग्रस्त: तो लिहिणारा मीच. रोसलिंग बाजूला उभे राहून कॉमेंट्री करत होते, म्हणून कळलं. आम्हाला नुसती पीपीटी येते. क्लीव्हलंड-मॅकगिल या संशोधकांनी १९८४मध्येच दाखवलंय, क्षेत्रफळ जोखताना नजर फसते, अक्षावरची जागा बरोबर कळते. आमच्याकडचंच सांगतो. २०११च्या जनगणनेत मुंबई शहर, म्हणजे टाउन, ३०.८५ लाख, उपनगर ९३.५७ लाख. म्हणजे तिप्पट. नव्या पोराने त्रिज्याच तिप्पट केली, बबल झाला नऊपट. साहेब म्हणतात, "टाउन संपलं की रे!"

गिरगावकर: मग त्रिज्येसाठी आकड्याचं वर्गमूळ घ्यायचं ना! एक्सेलमध्ये आकार क्षेत्रफळाने की रुंदीने, हे निवडता येतं. उघडून बघतो कोण? आणि टाउन संपलेलं नाही, साहेबांना सांगा.

विरारलोकल: तुमचं टाउन राहू द्या. आम्ही कुठल्या बबलमध्ये? तुमची मुंबई दहिसर-मुलुंडला खलास. २०११ला ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांचा, देशात पहिला. पालघर तेव्हा त्यातच होता. रोज लटकत येऊन तुमची ऑफिसं चालवतो, चार्टात पत्ता नाही.

गिरगावकर: अहो, विषय काय, तुमचं काय!

विरारलोकल: विषय हाच! दुपारी बाराचा फोर्टचा बबल आणि रात्री बाराचा, दोन्ही काढा. मग बोला.

चेंबूरकाकू: कशावरून काढणार? २०२१ची जनगणना त्या वर्षी झालीच नाही. २०११चे आकडे किती वर्षं उगाळायचे?

बोरिवलीची_ताई: विरारवाल्यांनी लटकण्याचं सांगू नये. विरार फास्टमध्ये बोरिवलीला आम्हाला चढू कोण देत नाही?

एक्सेलग्रस्त: बरं, रोसलिंगना माफ. पण मोठे बबल मागे टाका, छोटे पुढे, रंग जरा पारदर्शक ठेवा. आमच्या शेवटच्या चार्टात अख्खं शहर उपनगराखाली गायब होतं.

गिरगावकर: "माफ" म्हणे! उपकार झाले.

विरारलोकल: ताई, अडवत कोणी नाही. बोरिवलीला उतरायचं तर बोरिवली लोकल पकडा ना!

बोरिवलीची_ताई: मी चर्चगेटला जाते हो, सकाळी! वाचा तरी नीट.